शून्य आकाराची फाइल

काकांच्या दुकानाला पाटी नव्हती आणि तिच्यावाचून त्यांचं कधी अडलंही नाही. राहत्या घराची पुढची खोली हेच दुकान. एक लांब टेबल, त्यावर पोट उघडून ठेवलेले तीन-चार कॉम्प्युटर, भिंतीला लोखंडी रॅक. लोकांना नकोशा झालेल्या वस्तू त्या रॅकवर येऊन साचल्या होत्या: पिवळे पडलेले कीबोर्ड, मागे भलामोठा फुगवटा असलेले मॉनिटर, फ्लॉपीचे डबे, वेटोळी करून बांधलेल्या केबली. घरात नवीन आल्या तेव्हा याच वस्तू लोक पाहुण्यांना मुद्दाम आतल्या खोलीत नेऊन दाखवायचे आणि वर झालर लावलेलं कापड घालायचे. आता त्या द्यायला येणारा माणूस दारातूनच म्हणायचा, "काका, हे घ्या, घरात नुसती अडचण."

काकांना सगळे 'डिस्कवाले काका' म्हणत. जुन्या डिस्कवर जे असेल ते नव्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवून देणं हे त्यांचं मुख्य काम. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्यांची एक तऱ्हा होती. दोन्ही डिस्का जोडून झाल्या की ते जुनीवर हात ठेवून मोठ्याने म्हणत, "ही देणारी." मग नवीवर हात ठेवून, "ही घेणारी." असं तीनदा. एवढ्यावर भागत नसे, ज्याचं काम असेल त्यालाही ते म्हणायला लावत. त्यानंतरच बटण दाबत.

"काका, दोघींचं लग्न लावताय की काय?" एकदा एका वकीलबाईंनी विचारलं होतं.

"लग्नात चूक झाली तर निस्तरता येते," काका म्हणाले आणि हसले. वकीलबाईही हसल्या. ही तऱ्हा कुठून आली हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं, काकूंनासुद्धा नाही.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. त्या नोकरीला लागल्या तेव्हा कानाला यंत्र लावून, समोरच्या बोर्डात हाताने पिना खोचून लोकांची बोलणी जोडावी लागत. पुढे एक्स्चेंजही कॉम्प्युटरवर गेलं, बोर्ड भंगारात गेला आणि काकूंना तक्रारी ऐकायच्या खुर्चीत बसवलं. पण कान मात्र तयार झाला तो झालाच. नुसत्या 'हॅलो'वरून त्या माणूस ओळखत, आणि तो उभा आहे की पडलेला आहे हेही सांगत. काका कुठून जेवून आले हे त्यांना आवाजावरून कळतं असं काका लोकांना सांगायचे. त्यात थट्टेचा भाग थोडा होता, आणि खराही.

त्याच काकूंचे कान गेल्या वर्षी दगा देऊ लागले. आधी डावा गेला, अगदी ठार. मग उजव्याची पाळी आली. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला, तो कागद टेबलावर उलटा फिरवून दोघांपुढे ठेवला आणि पेन उताराच्या रेषेवर टेकवून म्हणाले, "यंत्र देतो. पण नस सुकत चाललीये. दोन महिने म्हणा, फार तर तीन. जे ऐकायचं असेल ते ऐकून घ्या."

डॉक्टर हे सहज बोलून गेले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या पुढच्या खोलीत आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मिठूचा आवाज ऐकवा मला."

काकांच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

"मी इतकी वर्षं म्हटलं नाही. धीरच झाला नाही. पण आता कान गेल्यावर कशाने ऐकू? एकदाच ऐकवा."

"ऐकवतो," काका म्हणाले. "शोधावं लागेल. जुनं आहे."

"शोधा की. जपून ठेवलंय म्हणालात ना?"

"हो, हो. जपून ठेवलंय."

मिठू त्यांची मुलगी. एकुलती एक. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, म्हणून मिठू. ती सात वर्षांची असताना घरात पहिला कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर पेनासारखा उभा राहणारा एक छोटा माइक. त्या काळात काका कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. फळ्यापुढे उभं राहून ते पोराटोरांना छातीठोकपणे सांगायचे की टेप झिजते, कागद कुजतो, पण आकडे झिजत नाहीत. एकदा कॉम्प्युटरवर चढवलं की कायमचं. मिठूचा लहानपणीचा आवाज असलेली एकुलती एक कॅसेट त्यांनी याच विश्वासाने कॉम्प्युटरवर चढवली आणि कॅसेटवर बातम्या टेप केल्या. माइक आल्यावर तर काय, मिठू रोज काहीतरी बोलून ठेवायची. शाळेतली भांडणं, पाढे, आईची नक्कल. बोलण्याआधी माइकवर दोनदा फू फू करायची, कारण बाबा तसं करून तपासायचे. अशा एक्केचाळीस फाइली झाल्या.

आठव्या वर्षी तिला मेंदूचा ताप आला. चार दिवस हॉस्पिटलमध्ये. पाचव्या दिवशी दोघंच घरी परत आले.

तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "मला नका ऐकवू. पण जपून ठेवा."

काकांनी जपायचं ठरवलं आणि तिथेच घात झाला. एकाची दोन असावी म्हणून त्यांनी तशीच दुसरी डिस्क आणली. त्याच कंपनीची, त्याच मापाची, कोरी करकरीत. त्या काळात पहिली डिस्क कुठली आणि दुसरी कुठली हे डिस्कच्या पाठीवर बसवायच्या एका चिमुकल्या क्लिपवरून ठरायचं. दिवसेंदिवस झोप नव्हती, क्लिप उलटी बसली. स्क्रीनवर प्रश्न आला: पहिलीवरचं दुसरीवर उतरवू का, दुसरीवरचं सगळं पुसलं जाईल. काकांनी 'हो' दाबलं. अकरा मिनिटांत पट्टी भरली. कोऱ्या डिस्कवरचा कोरेपणा मिठूच्या डिस्कवर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत उतरला.

ही गोष्ट त्यांनी काकूंना सांगितली नाही. त्या दिवशी सांगता आली नाही, मग त्या आठवड्यात नाही, आणि मग चोवीस वर्षं नाही. त्यांनी कानाला खडा लावला आणि देणारी-घेणारी सुरू केलं. कितीतरी आया, नवरे, मुलगे त्यांच्या टेबलाशी रडले असतील. त्यांना काका शांतपणे सांगत, "पुसलेलं कधीकधी परत मिळतं. पण वर दुसरं काही लिहिलं गेलं असेल तर ते गेलं. शोधण्यात अर्थ नाही." हे वाक्य बोलताना त्यांचा चेहरा दगडासारखा असायचा. लोकांना वाटायचं, धंदेवाईक माणूस आहे.

त्या दिवशी दुपारी काकांनी मिठूची ती डिस्क रॅकच्या मागच्या बाजूने काढली. मिळणार काही नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण काकूंना खरं सांगायचं तर 'मी शोधलं' हे तरी खरं असावं, एवढाच विचार. त्यांनी ती बाजूच्या एका जुन्या मशीनला जोडली आणि शोधायचा प्रोग्राम लावला. डिस्क कुरकुरत फिरू लागली. दोन तासांनी निकाल आला. सगळीकडे शून्य. आणि खाली एक ओळ: फाइल सापडली, एक. नाव नाही. तारीख नाही. आकार शून्य. प्रकार, आवाज.

असल्या भुताटक फाइली निघतात. प्रोग्रामचा गोंधळ असतो. काका नेहमी त्या न उघडताच पुसत. ही त्यांनी उघडली.

चार सेकंद चालली. त्यात पंख्याचा आवाज होता. घरातल्या पंख्यासारखा, फेऱ्यागणिक एकदा टक् करणारा.

जुना काहीतरी अंश राहिला असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. पण शून्य आकाराच्या फाइलीत चार सेकंद मावतात कुठे, याचं उत्तर त्यांना देता येईना. त्यांनी मशीन बंद केलं आणि काकूंना सांगितलं, "अजून शोधतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा तेच केलं. आकार शून्यच होता. फाइल मात्र चाळीस सेकंदांची झाली होती.

पंखा होता. मग कपात चमचा फिरवल्याचा आवाज. मग कोणीतरी खोकलं, घशात अडकलेला, दोनदा येणारा खोकला. मग खुर्ची कुरकुरली.

खोकला काकांचा होता. म्हातारपणचा, आत्ताचा. आणि ती खुर्ची मागच्या वर्षी घेतलेली, आल्यापासून डाव्या पायात कुरकुरणारी. चोवीस वर्षांपूर्वी कोऱ्या झालेल्या डिस्कवर ती कुठून येणार?

त्यांनी एकेक करून सगळं तपासलं. मशीनला माइक नव्हता. नेटची केबल नव्हतीच. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तिथेही तेच. डिस्कचा एकेक कप्पा उघडून आकडे पाहिले. शून्य, शून्य, शून्य, पानामागून पानं. जेवायला हाक आली तरी ते उठले नाहीत. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सापडलं?"

"बघतोय."

"चेहरा का असा उतरलाय तुमचा?"

"झोप झाली नाही नीट."

काकूंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. पूर्वी त्यांना ही थाप आवाजातच कळली असती. आता त्या फक्त ओठ बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी फाइल किती लांब आहे हे काकांनी पाहिलंच नाही. हेडफोन लावला आणि डोळे मिटून जिवाचे कान केले.

पंखा. चमचा. रस्त्यावरून गेलेली गाडी.

मग अगदी जवळून, फू. फू.

दोन्ही हातांनी काकांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. लहान मुलीचा श्वास ऐकू येत होता, नाक चोंदलेलं असल्यासारखा. शेवटच्या त्या आठवड्यात मिठूचं नाक चोंदलेलं होतं. आणि मग ती बोलली. खेळता खेळता स्वतःशी बोलावं तशी, जरा गुणगुणत.

"ही देणारी. ही घेणारी. ही देणारी. ही घेणारी. ही देणारी. ही घेणारी."

हे शब्द तिने जिवंतपणी कधी ऐकले नव्हते. ते ती गेल्यानंतर सुरू झाले होते.

काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, त्याची पिन मशीनमधून उपटली आणि पिन हातात धरून बसून राहिले. त्यांना भीती वाटत होती, पण भीतीहून दुसरंच काहीतरी जास्त होतं. इतकी वर्षं ही पोर या खोलीत होती. देणारी-घेणारीचं पाठांतर ऐकत होती. आणि आपण तिच्यासमोर लोकांना सांगत होतो की गेलं ते गेलं, शोधण्यात अर्थ नाही.

काकू आत आल्या. कानातलं यंत्र नीट बसवत त्या टेबलाशी, काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. त्यांचा डावा कान काकांच्या बाजूला होता. ठार गेलेला कान.

"आज तरी ऐकवाल ना?" त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या.

काका त्या कानाशी बोलले. कदाचित तो ऐकत नाही म्हणूनच त्यांना बोलता आलं. साध्या, खालच्या आवाजात त्यांनी सगळं सांगून टाकलं. क्लिप उलटी बसली. मी 'हो' दाबलं. अकरा मिनिटं लागली. एक्केचाळीसपैकी एकही राहिली नाही. मी पुसलं तिला. मी तुला फसवलं. सांगता सांगता त्यांचे डोळे वाहत होते, आणि काकू स्क्रीनकडे बघत होत्या.

"काय पुटपुटताय?" काकूंनी न वळता विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले.

काकूंनी कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं आणि टेबलावरचा हेडफोन उचलून स्वतःच डोक्यावर चढवला.

"अगं थांब, अजून जोडलेला..."

काकूंनी हात वर केला. एक्स्चेंजमध्ये लाइनवर कोणी असलं की त्या असाच हात वर करायच्या.

"शूऽऽ. बोलतेय ती."

पिन काकांच्या हातात होती.

स्क्रीनवर काही चालू नव्हतं. आवाजाची हिरवी रेघ आडवी, सरळ पडून होती.

काकू हसल्या. मग त्यांचा खालचा ओठ थरथरला. "हो गं," त्या म्हणाल्या. "हो. आहे ना, इथेच आहे. सांग."

पंख्याने टक् केलं. काका पिन घट्ट धरून बसले होते. तळहातात तिचा व्रण उठला.

सतरा मिनिटं झाली. भिंतीवरच्या घड्याळात काकांनी ती मोजली. मग काकूंनी हेडफोन काढला, केस सारखे केले आणि पदराने डोळे पुसले.

"तोच आवाज," त्या म्हणाल्या. "जराही बदललेला नाही. फक्त दमलाय. फार हाका मारल्यावर बसतो ना, तसा बसलाय."

"आणि आत्ता तुम्ही माझ्या या कानाशी जे बोललात," काकूंनी डाव्या कानाला बोट लावलं, "ते तिने मला सांगितलं. सगळं. क्लिपचंसुद्धा."

काकांनी मान खाली घातली. काकूंचा हात त्यांच्या पाठीवर आला. तो हात जड होता आणि गरम होता.

"चुकलं ते चुकलं हो. पण चोवीस वर्षं एकट्याने कशाला वागवत बसलात? मला सांगितलं असतं तर दोघं मिळून रडलो असतो."

त्यानंतर ते दोघं रडलेच. पुढच्या खोलीत, भर दुपारी, दार उघडं टाकून. एक गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन पायरीपर्यंत आलं आणि आल्या पावली परत गेलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून काकूंचे कान लवकर गेले. महिन्याच्या आत उजवाही संपला. नव्या आलेखात रेषा कागदाच्या तळाला लागली होती. यंत्राचा आता उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले, आणि यावेळी जपून बोलले. काकांनी डिस्क पुन्हा जोडून पाहिली. एकदा नाही, रोज. शून्य सगळीकडे होतं, पण ती फाइल नव्हती. हेडफोन लावून ते कोऱ्या डिस्कपुढे तासन्‌तास बसत. त्यांचे कान या वयातही ठणठणीत होते. बाजूच्या घरातलं दार लागलेलं त्यांना कळे. त्या डिस्कवरून मात्र त्यांना श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

घरात आता पाटीवर लिहून बोलणं चालायचं. पण काही गोष्टी काकांच्या ध्यानात येऊ लागल्या. बेल वाजली की काकू स्वयंपाकघरातून निघून दार उघडायच्या. दूध उतू जायला लागलं की पाठमोऱ्या असल्या तरी वळायच्या. काकांनी पुढच्या खोलीतून "अगं ऐकलंस का" अशी सवयीने हाक मारली, तर हात पुसत यायच्या.

"तुला ऐकू आलं?" काकांनी पाटीवर लिहिलं.

"मला कुठलं ऐकू येतंय," काकू म्हणाल्या. "मिठू सांगते ना. बाबा बोलावतायत म्हणाली."

काकांनी पाटी पुसली.

परवा सकाळी ते एका शिक्षिकेची डिस्क उतरवत होते. काकू दारात आल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, पण नाराजी होती, पोराची बाजू घेऊन बोलताना आईच्या चेहऱ्यावर असते तशी.

"अहो, असं काय करता? सकाळपासून हाका मारतेय ती तुम्हाला. रडवेली झालीये. एकदा ओ द्यायला काय होतं?"

काकांनी पेचकस खाली ठेवला. रस्त्यावर गाडी गेली ती त्यांना ऐकू आली, पंखा ऐकू आला, स्वतःचा श्वास ऐकू आला. बाकी काही नाही. त्यांनी खोलीभर पाहिलं. मग त्या जुन्या मशीनकडे तोंड करून, घसा खाकरून, चोवीस वर्षांत पहिल्यांदा ते म्हणाले, "ओ. काय गं मिठू?"

काकू क्षणभर ऐकत राहिल्या आणि मग त्यांच्या भुवया आक्रसल्या.

"तिकडे तोंड करून काय बोलताय?" त्या म्हणाल्या. "तुमच्या कानाला तोंड लावून तर बोलतेय ती."